पॅरिसची रेणू

डब्लिन, ओहायो
३ मार्च २०२५

आयुष्मती कमलाताई यांना अहिल्याचा सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नका. नात ठणठणीत आहे, तुमची लेक ठणठणीत आहे आणि माझा लेक नेहमीसारखा कानाला हेडफोन लावून बसलाय. तुम्ही इथून फ्रिस्कोला भावाकडे गेलात आणि दोन दिवसांनी मी नांदेडहून येऊन पोचले. नातीसाठी विहिणींनी अशी आळीपाळीने ड्यूटी करायची, ही इथली पद्धत मला आवडली. आम्ही नर्सेस वॉर्डात असंच करायचो. फक्त तिथे जाणारी बाई येणारीला सगळी माहिती देऊन जायची. तुम्ही मेथीचे लाडू ठेवून गेलात, मालिशचं तेल ठेवून गेलात, पण महत्त्वाची गोष्ट काही सांगितली नाहीत.

फोनवर बोलले असते, पण या घरात फोन कोणी कानाला लावतच नाही. स्पीकरवर टाकतात आणि डिशवॉशरमध्ये भांडी रचत बसतात. मला जे बोलायचंय ते स्पीकरवरचं नाही.

स्पष्टच सांगते. थंडी वाजत होती म्हणून तुमच्या खोलीतल्या खणातून शाल काढायला गेले, तर खाली कागदांचा गठ्ठा. अक्षर तुमचं. वर नाव नाही, गाव नाही. एक पान वाचलं आणि मग खोटं कशाला बोलू, इला झोपली की मी तेच घेऊन बसायला लागले. अकरा प्रकरणं वाचून काढली.

कमलाताई, किती सोसलंत हो तुम्ही! लग्न तोंडावर आलेलं, नवरामुलगा दुसरीबरोबर सापडतो, आणि घरचे म्हणतात, गप्प बस, पत्रिका वाटून झाल्यात. मग तुम्ही केस कापता आणि निघता. सीताबर्डीत एकटीने शिवणकामाचं दुकान काढता. सिगारेट ओढता! मनात येईल त्या पुरुषाबरोबर राहता आणि मनातून उतरला की त्याला वाटेला लावता. नाव बदलून रेणू केलंत ते बरं केलंत, पण ओळीओळीत ‘मी, मी’ म्हटल्यावर कळायचं ते कळतंच. एकच समजलं नाही. नागपुरात नदीवर बोटी चालायच्या? पूर्वी असतील.

आणि ते बाळंतपण. ‘हिचा बाप कोण ते लिहू नका, हिची आई मी आहे तेवढं लिहा,’ असं रेणू दवाखान्यात ठणकावून सांगते, तिथे मी कागद बाजूला ठेवले आणि पोटभर रडले. सगळी नोकरी मी बाळंतिणींच्या वॉर्डात काढली. त्या प्रश्नापुढे मान खाली घालणाऱ्या पोरी पुष्कळ पाहिल्या. मान वर करून बोलणारी पाहिली नाही.

धर्मराजदादांना सगळं माहीत असेलच. सोन्यासारखा माणूस. दीक्षाचे खरे वडील कोण, हे मी तुम्हाला कधीही विचारणार नाही. ती आमची सून आहे आणि आमचीच राहील. मनावरचं ओझं उतरवा.

तुमची,
अहिल्या


फ्रिस्को, टेक्सास
९ मार्च

अहिल्याताई, जय भीम.

तुमचं पत्र मी भावजयीच्या, अपर्णाच्या, ओट्याशी उभी राहून वाचलं आणि अशी हसत सुटले की अतुल मीटिंग सोडून जिन्यावरून धावत खाली आला. त्याला वाटलं, ताईला झटका आला.

दीक्षाचे खरे वडील नागपूरला आहेत. त्यांचं नाव धर्मराज. तिचं नाक बघा, शंका उरणार नाही.

रेणू म्हणजे मी नाही हो! शंभर वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच कादंबरीतली ती बाई आहे. तिचं नाव सोलांज. लिहिणारी एका गावातली मास्तरीण होती. पुस्तक निघालं आणि नुसता कल्लोळ. चर्चमध्ये त्याच्याविरुद्ध प्रवचनं झाली, दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून विकायचे, आणि मास्तरणीची नोकरी गेली. का, तर तिची नायिका पुरुष जगतात तशी जगते आणि शेवटी मरत नाही, वेडी होत नाही, पस्तावतही नाही. पस्तावली असती तर लोकांनी पुस्तक गोड मानून घेतलं असतं.

मी त्याचं मराठी करतेय. माझी पद्धत अशी, की पहिल्या खर्ड्यात सगळं आपल्याकडे आणायचं. सोलांजची रेणू, पॅरिसचं नागपूर. आपल्याकडची बाई हे वाक्य तोंडाने बोलेल का, ते माझ्या कानाला कळलं पाहिजे. बोलत असेल तर ठेवायचं, नाहीतर खोडायचं. मग दुसऱ्या खर्ड्यात रेणूला पॅरिसला परत पाठवायचं. तुम्हाला सापडला तो पहिला खर्डा. नदी बदलायची राहून गेली. नाग नदीत बोटी! अहो, नाग नदीत म्हैस उतरवायची तरी माणूस विचार करतो.

हसून झालं आणि मग मला राग आला. तुमचाही थोडा आला, लपवत नाही. दुसऱ्या कुणा प्राध्यापिकेच्या खणात हा गठ्ठा सापडता तर तुम्ही म्हणाला असतात, बाई कादंबरी लिहितात वाटतं. कमला रामटेकेच्या खणात सापडला म्हणजे तिची कर्मकहाणीच असणार! आपली बाई लिहायला बसली म्हणजे सोसलेलंच लिहिणार, हे तुम्हीसुद्धा धरून चाललात.

पुण्याचे प्रकाशक तर त्याहून वरचढ. म्हणाले, “मॅडम, भाषांतर झकास आहे, पण आधी आत्मकथन द्या ना. वस्तीतली मुलगी फ्रेंचपर्यंत कशी पोचली! ते गाजेल. निदान या पुस्तकाला दहा पानांची जीवनकहाणी तरी जोडा, त्याशिवाय मला छापता यायचं नाही.” काय लिहू, सांगा. अकरावीला संस्कृत नको होतं, यादीत फ्रेंच होतं, घेतलं, आवडलं. मग जन्मभर ज्युनिअर कॉलेजात तेच शिकवलं. मुलं मार्कांसाठी यायची, मी आवडीसाठी जायची. संपली माझी संघर्षकथा. आपल्या लोकांची आत्मकथनं मी डोक्यावर घेते, त्यांच्यामुळे आपला आवाज जगाला ऐकू आला. पण म्हणून मी पॅरिसच्या एका आगाऊ बाईची गोष्ट सांगायचीच नाही का? गोऱ्या बाईच्या सिगारेटीवर माझा हक्क नाही?

मला एवढंच हवंय. हे पुस्तक कादंबरी म्हणून निघावं, माझ्या नावाने निघावं आणि माझ्या दुःखाची शेपटी न लावता निघावं.

गठ्ठा तेवढा दीक्षाच्या हाती पडू देऊ नका. मी भाषांतर करते हे तिला माहीत आहे, कशाचं ते नाही.

तुमची,
कमला


डब्लिन
१५ मार्च

कमलाताई,

तुमचं पत्र एक दिवस उशिरा आलं, आणि तोवर मी माती खाऊन बसले होते.

झालं असं. गुरुवारी दीक्षा इलाला पाजत होती, जरा उदास दिसली. मला वाटलं, आता हिच्या पाठीवरून हात फिरवावा. म्हटलं, “बाळा, तुझे बाबा कोणी का असेनात, माझ्या दृष्टीने तू माझी पोर आहेस.” ती माझ्याकडे बघतच राहिली. “आई, व्हॉट डू यू मीन, कोणी का असेनात?” मी घाबरून आणखी बोलत गेले. दवाखाना, केस, सीताबर्डी, सगळं. त्या क्षणी गप्प बसावं एवढी अक्कल मला नर्सिंगमध्ये कुणी शिकवली नाही.

तिने थेट नागपूरला फोन लावला. स्पीकरवर! “बाबा, तुम्ही माझे बाबा आहात ना?” दादा तिकडे शांतपणे म्हणाले, “कालपर्यंत तरी होतो बुवा. तुझी आई काही वेगळं म्हणते का?” मग गठ्ठ्याचा विषय निघाला तसे ते खोखो हसायला लागले. म्हणाले, “अगं ती फ्रेंच बया! आमच्या घरात तीन वर्षं फुकट राहतेय ती. जेवायलाही आमच्याबरोबरच असते.” रवीने हेडफोन काढून विचारलं, काय चाललंय, तर कोणी त्याला उत्तरच दिलं नाही.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. पण दीक्षाने गठ्ठा मागून घेतला, वीसेक पानं चाळली आणि तिचा चेहराच बदलला. “आईने हे छापायचं नाही. छापायचंच असेल तर दुसऱ्या नावाने छापू दे.” मी म्हटलं, अगं गोष्ट आहे ती. तर म्हणते, “तुम्हाला तरी ती गोष्ट वाटली का?” माझ्या चुकीनेच तिच्या हातात काठी दिली. मला माफ करा.

आता लाज सोडून एक विचारते. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी तो छापखान्यावाला रेणूला, म्हणजे सोलांजला, लग्नाचं विचारतो. माणूस चांगला आहे. ती काय म्हणते? पुढचं पाठवा. मला इथे इलाला झोपवताना सारखं तेच डोक्यात येतं.

तुमची अपराधी,
अहिल्या


फ्रिस्को
२५ मार्च

अहिल्याताई,

माफी कसली? तुम्ही नसतात तर प्रकाशकाची जाहिरात वाचून तिने हेच ऐकवलं असतं. कधीतरी व्हायचंच ते झालं.

दीक्षाचा फोन आला होता. तासभर भांडलो. माझी लेक इंग्रजीत भांडते आणि मराठीत रडते, म्हणून भांडण कुठवर आलं ते मला लगेच समजतं. म्हणाली, “आई, इथे आमचा छोटा ग्रुप आहे. ऑफिसमध्ये, मराठी लोकांत, सगळीकडे आम्ही आधीच मोजूनमापून वागतो. आपल्याकडची पहिली फ्रेंच टीचर म्हणून लोक तुझं नाव घेतात. त्या नावाखाली हे? यारांबरोबर सिगारेट ओढणारी बाई? तुझी स्वतःची स्टोरी लिही ना. दॅट विल इन्स्पायर पीपल.”

मी म्हटलं, लोकांना प्रेरणा देऊन देऊन आपल्या पिढीची पाठ मोडली. थोडी मजाही देऊ दे. तर तिने फोन ठेवला.

खरं सांगू? दुखलं हो मला. बापापुढे, सासरापुढे, भावकीपुढे उभं राहायला मी तिला शिकवलं आणि तीच मला म्हणते, नाव लपव. प्रकाशकांना एप्रिलअखेर उत्तर हवंय. दहा पानं द्या, नाहीतर पुस्तक परत. काल एकदा मनात आलं की टोपणनाव घ्यावं आणि मोकळं व्हावं. अपर्णाने कागदावर चार-पाच नावं लिहूनही दाखवली. एक चांगलंही होतं. पण ते वाचलं आणि वाटलं, ही कोण बाई? हिने तर एक ओळही केलेली नाही.

उरलेली प्रकरणं पाठवतेय. हा दुसरा खर्डा आहे, यात नदी जागेवर आहे आणि बोटी खऱ्या आहेत. छापखान्यावाल्याला ती काय म्हणते ते चौदाव्यात आहे. इथे सांगत नाही.

तुमची,
कमला


डब्लिन
२० एप्रिल

कमलाताई, जय भीम, जय भीम आणि पुन्हा एकदा जय भीम!

काल इथे जयंतीचा कार्यक्रम झाला. कोलंबस, क्लीव्हलँड, सिनसिनाटी, सगळीकडून माणसं आली. लायब्ररीचा हॉल, मुलांची भाषणं इंग्रजीत, खिचडी आणि गुलाबजाम मराठीत. भारतातून आलेल्या आयांना पाच-पाच मिनिटं देतात. विषय दरवर्षी एकच, ‘माझा संघर्ष’. माझंही नाव यादीत होतं. रवी म्हणाला, आई, तू वॉर्डाचं सांग, बाबा गेल्यावर मला कसं वाढवलंस ते सांग.

मी पर्समध्ये चौदावं प्रकरण घेऊन गेले. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.

माइकपुढे उभी राहिले आणि म्हटलं, मी तुम्हाला काहीतरी वाचून दाखवते. सुरू केलं. ‘तू चांगला माणूस आहेस. तुझ्याबरोबर मला जेवायला आवडतं, फिरायला आवडतं, भांडायला तर फारच आवडतं. पण तुझं आडनाव मी अंगावर घालून पाहिलं. खांद्यात घट्ट होतं.’ बाया खुदकन हसल्या. मागे खिचडीची भांडी मांडणारे पुरुष थांबले. ‘माझं दुकान माझं आहे, माझं पोर माझं आहे. उद्या सकाळी तू न्याहारीला ये. रोज ये म्हणत नाही, उद्या ये.’ त्यावर तर पोरींनी टाळ्याच वाजवल्या. पाच मिनिटांची पंधरा झाली, कोणी बेल वाजवली नाही.

संपल्यावर काय झालं असेल? भाषण केलेल्या मुलांतल्या मिहीरची क्लीव्हलँडहून आलेली आजी जवळ आली, माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. “बाई, केवढं धाडस केलंत! त्या माणसाला पुन्हा कधी भेटलात का?” तिच्यामागे रांगच लागली. सगळ्यांना वाटलं, माझीच कहाणी! दोन बायका तर दीक्षाजवळ जाऊन म्हणाल्या, तुझ्या सासूबाईंचं आयुष्य कसलं गं, तू लिहून काढ ना. कमलाताई, तेव्हा मला कळलं तुम्हाला राग का आला होता. माझी चूक मला रांगेने येऊन भेटत होती.

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी दीक्षाने इलाला रवीच्या हातात दिलं आणि माइक घेतला. मला वाटलं, आता ही सारवासारव करणार. ती म्हणाली, “एक मिनिट. ही आईंची कहाणी नाही. ही कोणाचीच कहाणी नाही. ही फ्रेंच नॉव्हेल आहे. तुम्ही हसलात, रडलात, ते सगळं मराठी माझ्या आईचं आहे. माझ्या आईचं नाव कमला रामटेके. आपल्यातल्या बाईने वाचलं म्हणजे ते तिच्या आयुष्यातलंच असेल असं आपल्याला वाटतं. मलाही तीच भीती होती, म्हणून मी तिला नाव लपवायला सांगितलं होतं. आय वॉज राँग. पुस्तक आलं की तिच्या नावाने येईल. नाव लिहून घ्या.” आणि खरंच, पोरींनी फोन काढून नाव लिहून घेतलं.

गाडीत बसल्यावर ती रडली. मराठीत.

आता माझं एक ऐका, आणि हे मात्र माझंच आहे, कादंबरीतलं नाही. रवीचे बाबा गेले तेव्हा मी चौतिशीत होते. आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला विचारलं होतं. विधुर होता, स्वभावाने फार चांगला. मला तो आवडायचा. मी नाही म्हटलं. सोलांजनेही नाहीच म्हटलं, पण ते स्वतःच्या मनासाठी. मी म्हटलं ते गल्लीतल्या लोकांसाठी. ती गल्ली आता रस्त्यात गेली, माणसंही पांगली. आजवर हे कोणाला सांगितलं नव्हतं. चौदावं प्रकरण मोठ्याने वाचताना माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं.

त्या प्रकाशकाला दहा पानं देऊ नका.

तुमची,
अहिल्या


नागपूर
२ जून

प्रिय अहिल्याताई,

तुमचं पत्र मला निघायच्या आधल्या दिवशी फ्रिस्कोत मिळालं. विमानात चार वेळा वाचलं. कंपाउंडरबद्दल मी काही बोलत नाही. बोलायचं तर समोर बसून, तुम्ही नांदेडला परतलात की. तोपर्यंत एवढंच, की मला सांगितलंत याचा मला अभिमान वाटला.

दीक्षाने विमानतळावर जाताना फोन केला होता. कानाला लावून बोलत होती, स्पीकरवर नव्हे. काय बोललो ते आमच्या दोघींतच राहू द्या.

आता पुस्तकाचं. एप्रिलअखेर मी प्रकाशकांना कळवलं, की नाव माझं, कादंबरी सोलांजची, जीवनकहाणी मिळणार नाही. तीन आठवडे गृहस्थ रुसून बसले. मी दुसरा प्रकाशक शोधायला लागले होते. मग फोन आला. “मॅडम, हे ओहायोचं काय प्रकरण आहे? तिकडच्या बायका ईमेल करून पुस्तक कधी येतंय विचारतायत.” मी म्हटलं, वाचक म्हणतात त्यांना. दीक्षाने पत्ता वाटला होता, हे मला मागाहून समजलं.

पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी ते म्हणाले, “बरं, दहा पानं नकोत. पण मागच्या कव्हरवर तुमच्याबद्दल काहीतरी लागेलच ना? जन्म, बालपण, घरची परिस्थिती, काय काय अडचणी आल्या...”

“दोन ओळी पाठवते,” म्हटलं.

पाठवल्या. पुन्हा फोन. “मॅडम, बाकीचं आलं नाही.” “आलंय ते सगळं आहे.” “अहो, पण लोकांना तुमच्याविषयी कुतूहल असतं!” “असू द्या की. त्याच कुतूहलाने सोलांज वाचतील.”

धर्मराज शेजारी बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, निदान ‘पती धर्मराज यांच्यासह’ एवढं तरी टाक. मी म्हटलं, तुम्ही पुस्तक काढा आणि त्यावर टाका ‘पत्नी कमला हिच्यासह’. तेव्हा चहा करायला उठले.

काल कव्हर छापून आलं. समोर मोठ्या अक्षरात कादंबरीचं नाव, खाली त्या मास्तरणीचं आणि माझं. मागे माझा फोटो, चष्म्यासकट. फोटोखालचं सगळं लिहून पाठवतेय, मिहीरच्या आजीला वाचून दाखवा.

‘कमला रामटेके नागपूरला राहतात. त्यांना फ्रेंच येतं.’

तुमची विहीण,
कमला